कोन्याचा विक्रम कुठल्या रकान्यात लिहू?

गेप्सक्रॉसचा गण्या (अ‍ॅडलेड)

मंडळी, एक पेच पडलाय. पंच म्हणून तुम्हीच बसा.

जुन्या सभासदांना माझी वही ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून एका दोनशे पानी वहीत मधोमध रेघ मारून मी दोन रकाने केलेत. डावीकडे 'आम्ही', उजवीकडे 'मावशी'. मावशी म्हणजे आपल्या मँचेस्टरच्या मावशी. व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल ट्रॅकवर, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचं जे काही होईल ते ज्याच्या त्याच्या रकान्यात. ऑलिंपिक संपलं की हरलेल्यानं जिंकलेल्याच्या देशावर ओवी रचून इथे जाहीर टाकायची. ट्रॅकवरची सुवर्णपदकं सारखी झाली तर पुरुषांची टीम परस्यूट (चौघाचौघांच्या संघांची शर्यत) बघायची, कारण आमच्या लेखी ती मानाची कुस्ती. लंडन, रिओ, टोकियो, तिन्ही वेळा ओवी माझ्या नशिबी आली. पॅरिसला सुवर्ण एक-एक झालं, परस्यूट आम्ही मारली आणि मावशी पहिल्यांदा जात्यावर बसल्या.

आता पेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात कोन्याच्या ट्रॅकवर मॅथ्यू रिचर्डसननं फ्लाइंग (म्हणजे आधीच वेग घेऊन सुरू केलेले) २०० मीटर ८.९४१ सेकंदांत काढले. नऊ सेकंदांच्या आत आलेला हा पहिलाच माणूस. दुसऱ्या दिवशी तेवढ्यानंही भागेना म्हणून ८.८५७. म्हणजे ताशी ८१ किलोमीटरच्या वर, आणि सायकलला ब्रेक नाही.

अंगावर कपडे ब्रिटनचे. पण हा पोरगा नवव्या वर्षी इंग्लंडहून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आला, इथे जिम्नॅस्टिक्स केलं, इथेच ट्रॅकवर चढला. २०२२ च्या राष्ट्रकुलात स्प्रिंटचं सुवर्ण आमच्यासाठी घेतलं. पॅरिसला दोन रौप्य, एक कांस्य आमच्यासाठी. आणि ज्योत विझून पंधरा दिवस व्हायच्या आत जाहीर केलं की यापुढे मी ब्रिटनकडून खेळणार.

तर विक्रम डावीकडे की उजवीकडे?

मँचेस्टरच्या मावशी

उजवीकडे. धागा बंद करायला हरकत नाही.

चक्रम

पॉपकॉर्न घेऊन बसलो. नको, पॉपकॉर्न नको. सांगलीकर काका, भडंग पाठवा.

नवीनच आलेय

मला फक्त क्रिकेट कळतं. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची ॲशेस माहीत आहे, सायकलचंही असं असतं हे आजच कळलं. फोटो पाहिले तर जत्रेतल्या 'मौत का कुआँ'सारखं काहीतरी वाटलं. कोणी चार शब्दांत सांगेल का?

सदाशिवपेठी स्पोक (पुणे)

ताई, 'मौत का कुआँ' ही उपमा वाटते तितकी चुकलेली नाही. लाकडी पट्ट्यांचा २५० मीटरचा ट्रॅक, वळणावर ४२-४५ अंशांचा चढ. तिथे वेग फार कमी झाला की माणूस सायकलसकट खाली घसरतो. सायकल 'फिक्स' चाकाची, म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडल फिरतंच. आपण उतारावर पाय सोडून निवांत जातो तसं इथे गेलात तर पेडलच तुम्हाला उचलून फेकेल.

चार शब्दांत जमणार नाही, पण प्रकार तीन लक्षात ठेवा.

स्प्रिंट म्हणजे कबड्डी. दोघंच, तीन फेऱ्या. सुरुवातीला एकमेकांकडे बघत रांगतात, कारण जो पुढे जाईल त्यानं वारा कापायचा आणि मागच्यानं त्याच्या आडोशात बसून शेवटी झडप घालायची. म्हणून कधीकधी दोघंही सायकल जागच्या जागी तोलून उभी करतात. अख्खं स्टेडियम श्वास रोखून दोन न चालणाऱ्या सायकलींकडे बघत असतं. मला या खेळातलं हेच सगळ्यात आवडतं.

टीम परस्यूट म्हणजे पालखी. चौघं, १६ फेऱ्या, चार किलोमीटर. दुसरा संघ समोरच्या बाजूनं त्याच वेळी सुटलेला. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, दमला की चढावर वर सरकतो, बाकीचे खालून जातात आणि तो शेपटीला येऊन चिकटतो. खांदेकरी बदलतात तसं, फक्त ताशी ६० च्या वर. वेळ तिसऱ्या माणसाची धरतात, म्हणून चौथा आधीच जीव काढून सोडून देतात.

कायरिन जपानची. तिथे १९४८ पासून त्यावर रीतसर पैसे लावतात. पुढे एक मोटारसायकलवाला वेग वाढवत नेतो, तो बाजूला झाला की सहा-सात जणांची कोपरं एकमेकांच्या बरगड्यांत.

मँचेस्टरच्या मावशी

स्पोक, छान सांगितलंस. आता इतिहास मी सांगते, कारण गण्या सांगेल तर २००४ ला सुरू करून २००४ लाच संपवेल.

गेप्सक्रॉसचा गण्या

मावशी, २००४ सांगितल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. अथेन्स. ट्रॅकवर आमची पाच सुवर्णं. रायन बेलीनं स्प्रिंट आणि कायरिन दोन्ही, अ‍ॅना मिअर्सनं ५०० मीटर, मॅडिसन ही जोडीची शर्यत, आणि टीम परस्यूटच्या फायनलमध्ये समोर कोण होतं? ब्रिटन. कोण हरलं? ब्रिटन. तुमच्याकडे क्रिस हॉय आणि विगिन्सची दोन.

त्या परस्यूटमध्ये आमच्या पोरांनी ३ मिनिटं ५६.६१० चा विश्वविक्रम केला होता. २०२४ ला पॅरिसमध्ये तो आमच्याच पोरांनी ३:४०.७३० वर आणला. वीस वर्षांत सोळा सेकंद. कपडे, हँडलवरची बैठक, हेल्मेट, गिअरचे दाते, सगळंच बदललं. माणसाचे पाय तेच आहेत.

मँचेस्टरच्या मावशी

झालं तुझं? आता बीजिंग २००८. ट्रॅकवर दहा सुवर्णं होती, त्यातली सात ब्रिटनची. ऑस्ट्रेलियाचं अख्ख्या ट्रॅकवर पदक एक. तेही रौप्य.

पण ते रौप्य मी गण्याच्या रकान्यात सोन्याच्या मोलाचं धरते आणि हे मी त्याला आधीही सांगितलंय. अ‍ॅना मिअर्स त्या जानेवारीत लॉस एंजेलिसला पडली होती. मानेचा दुसरा मणका मोडलेला. सात महिन्यांनी ती ऑलिंपिकच्या स्प्रिंट फायनलला उभी. हरली आमच्या व्हिक्टोरिया पेंडलटनकडून, पण त्या दिवशी मी टाळ्या दोघींसाठी वाजवल्या.

लंडनला पुन्हा दहापैकी सात आमची. एकच तुमचं, तेही याच पोरीचं. त्या फायनलचं मी अजून विसरलेले नाही. पहिल्या शर्यतीत पेंडलटन एक सहस्रांश सेकंदानं पुढे होती. एक सहस्रांश! मग पंचांनी ती शर्यत तिच्याकडून काढून घेतली, कारण ती आपल्या पट्टीतून बाहेर आली. आमचं म्हणणं मिअर्सचं कोपर लागलं म्हणून आली. गण्याचं म्हणणं...

गेप्सक्रॉसचा गण्या

पट्टी ती पट्टी. आणि दुसरी शर्यत सांगा की. मिअर्सनं चढावर सायकल जवळजवळ थांबवली, पेंडलटनला बळंच पुढे जायला लावलं आणि मागून येऊन खाल्ली. वर स्पोकनं कबड्डी म्हटलंय ना, ती हीच. पेंडलटनची ती शेवटची शर्यत होती. शर्यत संपल्यावर दोघी जवळ आल्या, मिअर्सनं तिचा हात धरून वर केला. त्याआधी कित्येक वर्षं त्या दोघींत फारसं सख्य नव्हतं.

सांगलीकर काका

त्या वर्षीची एक गंमत. दोन्ही देशांच्या क्रीडामंत्र्यांची पैज होती, ज्याची सुवर्णपदकं कमी त्यानं दुसऱ्याच्या संघाचा शर्ट घालायचा. ऑस्ट्रेलियाच्या मंत्रीणबाई केट लंडी हरल्या आणि ब्रिटनचा शर्ट घालून ईटन डॉर्नीच्या पाण्यात वल्ही मारत गेल्या. आपल्याकडे मंत्र्यांनी पैज लावली तर शर्टाच्या मापावरून समिती नेमावी लागेल.

मँचेस्टरच्या मावशी

हाहाहा काका. त्याच दिवसांत इथे एक विनोद फिरायचा, की एकटा यॉर्कशायर वेगळा देश असता तर पदकतक्त्यात ऑस्ट्रेलियाच्या वर असता. मी तो गण्याला रोज पाठवायचे.

गेप्सक्रॉसचा गण्या

पाठवायच्या. मी आठ दिवस फोन उलटा ठेवायचो.

डच देशस्थ (यूट्रेख्ट)

तुम्ही दोघं भांडा. पॅरिसला पुरुषांची टीम स्प्रिंट (संघाची स्प्रिंट), स्प्रिंट आणि कायरिन, तिन्ही सुवर्णं आमच्या हॅरी लाव्रेसेनची. तुमचा हा रिचर्डसन स्प्रिंट आणि कायरिन दोन्हीत त्याच्या मागे होता. पात्रता फेरीत रिचर्डसननं २०० मीटरचा विश्वविक्रम केला, ९.०९१. सायकल थंड व्हायच्या आत लाव्रेसेननं ९.०८८ मारला. तीन सहस्रांश. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आणि हो, कोन्या सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. हवा विरळ. समुद्रसपाटीला या, मग बोलू.

चक्रम

तिसऱ्या रकान्याची मागणी आलेली दिसते.

गेप्सक्रॉसचा गण्या

देशस्थ, तिसरा रकाना मिळणार नाही. वहीला जागा नाही आणि माझ्या काळजालाही.

रिओवर मात्र मला बोलू द्या, ते माझं जुनं दुखणं आहे. मार्च २०१६ ला लंडनमध्ये, ब्रिटनला त्यांच्याच घरात हरवून, टीम परस्यूटचं जगज्जेतेपद आम्ही घेतलं. पाच महिन्यांनी रिओत त्याच दोन संघांची फायनल. तीन किलोमीटर आम्ही पुढे. मी पहाटेचा उठून बसलेलो, बायको म्हणाली हळू ओरड, पोरं झोपलीत. आणि शेवटच्या किलोमीटरला ते आले. ३:५०.२६५. आम्ही ३:५१.००८. पाऊण सेकंद! चार किलोमीटरमध्ये पाऊण सेकंद म्हणजे काय असतं हे मला विचारा.

जगज्जेतेपदात जेमतेम आणि ऑलिंपिकला अचानक सगळं सोनं, हे कसं, असा प्रश्न तेव्हा मिअर्सनं उघड विचारला होता. जर्मनीच्या क्रिस्टिना फोगलनंही. आरोप नव्हता. पण डोकं खाजवावं असा प्रश्न होता.

मँचेस्टरच्या मावशी

डोकं खाजवायची गरज नाही गण्या, हिशेब सरळ आहे. १९९६ ला अटलांटात अख्ख्या ब्रिटनला सुवर्ण एक. पुढच्या वर्षीपासून नॅशनल लॉटरीचे पैसे खेळांना मिळायला लागले, आणि अट एकच, पदक आणा नाहीतर पैसे बंद. १९९४ ला उघडलेलं आमचं मँचेस्टरचं व्हेलोड्रोम होतंच. सायकलवाल्यांनी तेव्हाच ठरवलं की मधल्या तीन वर्षांत हरलो तरी चालेल, नवी सायकल, नवे कपडे, सगळं पेटीत ठेवायचं आणि ऑलिंपिकलाच काढायचं. आपल्याकडे लग्नासाठी शालू राखून ठेवतात तसं. तुम्ही दर वर्षी शालू नेसून बाजारात जाता, मग लग्नात नवं काय दिसणार?

लंडनला फ्रेंचांनीही असंच विचारलं होतं, तुमची चाकं आम्हाला दाखवत का नाही? आमच्या संघाचे प्रमुख डेव्ह ब्रेल्सफर्ड म्हणाले, आमची चाकं जरा जास्त गोल आहेत. फ्रेंचांच्या वर्तमानपत्रानं ते खरंच मानलं. चाकं माविकची होती. कंपनी फ्रेंच!

सदाशिवपेठी स्पोक

शालूची उपमा वहीत लिहून ठेवण्यासारखी. पण मावशी, या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. पदक नाही तर पैसे नाहीत, म्हणून किती पोरापोरींना मधेच बाहेर काढलं गेलं याची चर्चा तुमच्याकडेच बरीच झाली. मला जुना ऑस्ट्रेलियन घाट जास्त आवडतो. १९८४ ला लॉस एंजेलिसला प्रशिक्षक चार्ली वॉल्शच्या पोरांनी अमेरिकनांना त्यांच्याच घरात टीम परस्यूटमध्ये हरवलं. समोरच्यांकडे भारी भारी चाकं होती. यांच्याकडे वॉल्श होता.

नवीनच आलेय

टोकियोचं कोणी बोलत नाहीये?

गेप्सक्रॉसचा गण्या

ताई, मीठ चोळायला आलात का?

सांगतो. टीम परस्यूटची पात्रता फेरी, आमचा अ‍ॅलेक्स पोर्टर भर वेगात, आणि त्याच्या हातात हँडल तुटून आलं. तोंडावर पडला. तरी उठून पुन्हा आले आणि कांस्य घेतलं. त्या दिवशी पहिला फोन मावशींचा. "पोराला लागलं का रे?" पैजेचा शब्द नाही.

शेवटच्या दिवशी कायरिन. मोटारसायकल बाजूला झाली, ब्रिटनचा जेसन केनी सुटला. त्याच्या लगेच मागे आमचा मॅथ्यू ग्लेटझर. दोन वर्षांपूर्वी थायरॉइडच्या कर्करोगातून उठलेला माणूस. मी ओरडतोय, "चिकट त्याला, चिकट!" आणि हा थांबला. त्याला वाटलं मागचे कोणी जातील. मागच्यांना वाटलं हा जाईल. एवढ्यात केनी अर्धा ट्रॅक पुढे. सातवं ऑलिंपिक सुवर्ण त्यानं आमच्या संकोचावर घेतलं. त्या संध्याकाळी मावशींचा दुसरा फोन आला. त्यात मात्र पैजेचेच शब्द होते.

मँचेस्टरच्या मावशी

तुझी ती टोकियोची ओवी अजून माझ्या फ्रिजवर आहे. वृत्त चुकलंय.

सांगलीकर काका

मूळ मुद्द्यावर येऊ. माझं मत कुस्तीच्या भाषेत सांगतो. पोरगा कुणाच्या पोटी जन्मला हे तालमीत कोणी विचारत नाही. खुराक कुणी घातला, वस्ताद कोण, हे विचारतात. रिचर्डसन जन्मला केंटमध्ये, मेडस्टोनला. पण ज्याच्या खुराकावर अंग धरलं ते ऑस्ट्रेलिया. मैदान मारल्यावर पैलवानानं आधी वस्तादाच्या पायावर डोकं ठेवावं. म्हणून माझं मत डावीकडे.

मँचेस्टरच्या मावशी

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तालीम बदललेले पैलवान तुमच्याकडे काय कमी झालेत? आणि खुराकाचाच हिशेब लावायचा तर मग ऐका.

आमच्या ब्रिटिश संघाचा वर्षानुवर्षं मुख्य प्रशिक्षक कोण होता? शेन सटन. ऑस्ट्रेलियन. ब्रिटनच्या ट्रॅक संघाला घडवणाऱ्या सायमन जोन्सला पुढे कुणी नेऊन वरची खुर्ची दिली? ऑस्ट्रेलियानं. पेंडलटननं ज्याच्याशी लग्न केलं तो स्कॉट गार्डनर आमच्याच संघातला क्रीडाशास्त्रज्ञ, आणि ऑस्ट्रेलियन. म्हणजे मिअर्सविरुद्ध ती लढत होती तेव्हा तिच्या घरातच अर्धं ऑस्ट्रेलिया होतं. आणि ज्या रिओच्या फायनलसाठी गण्या पहाटे उठून रडला, त्या चौघांतला ब्रॅडली विगिन्स, त्याचा बाप गॅरी विगिन्स ऑस्ट्रेलियन! सिक्स-डे, म्हणजे सहा दिवस चालणाऱ्या शर्यती पळणारा ट्रॅकवाला. पोरगा जन्मला बेल्जियममध्ये, गेंटला.

तुमची ती "ऑसी ऑसी ऑसी, ओय ओय ओय" आरोळीसुद्धा आमच्या कॉर्नवॉल-वेल्सकडच्या "ऑगी ऑगी ऑगी"वरून गेलेली. आता काढा रकाने!

डच देशस्थ

+१. दोन्ही रकाने एकाच घरातले. आमचं केशरी वेगळं.

चक्रम

विगिन्सच्या बापाचं माहीत नव्हतं! धागा वसूल.

गेप्सक्रॉसचा गण्या

मावशी, हे सगळं मान्य. प्रशिक्षक येतात-जातात, ते नोकरदार. पण रिचर्डसनचं मला लागलं ते वेगळ्या कारणानं. माणसानं जावं. पण ऑलिंपिकच्या आधीच जायचं ठरलेलं आणि सांगितलं नंतर. ऑसायक्लिंगनं, म्हणजे आमच्या सायकल संघटनेनं, चौकशी करून २०२४ च्या डिसेंबरमध्ये जे जाहीर केलं त्यात आहे की बातमी ऑलिंपिक होईपर्यंत दाबून ठेवायची विनंती यानं केली होती, आणि ब्रिटनच्या संघटनेला आधीपासून माहीत होतं. वर संघाची खास बनवलेली सायकल, हँडल आणि ऑलिंपिकचे कपडे सोबत न्यायचे म्हणाला. याला आता ऑस्ट्रेलियाच्या संघाचं दार कायमचं बंद.

पॅरिसला त्याचं रौप्य आलं तेव्हा मी इथे पेढे वाटले होते हो.

मँचेस्टरच्या मावशी

गण्या, कटू वाटेल पण विचारते. तू औरंगाबादचा. इंजिनिअरिंग सरकारी कॉलेजात केलंस, महाराष्ट्राच्या करदात्याच्या खुराकावर. अ‍ॅडलेडला गेलास, निळा पासपोर्ट घेतलास. जायचं ठरल्यावर पुण्यातल्या साहेबाला कधी सांगितलंस?

गेप्सक्रॉसचा गण्या

...व्हिसा हातात आल्यावर.

मँचेस्टरच्या मावशी

मग?

गेप्सक्रॉसचा गण्या

पण मी ऑफिसचा लॅपटॉप परत देऊन आलो होतो!!

चक्रम

मेलो. लॅपटॉप परत देऊन आला म्हणे. आजचा सर्वोत्तम प्रतिसाद.

सदाशिवपेठी स्पोक

गण्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, त्यात दम आहे. सोडून जाणं वेगळं आणि अवजारं घेऊन जाणं वेगळं. या खेळात सायकल म्हणजे गुपित असतं. हँडलची रुंदी, कपड्याची वीण, यावर वर्षानुवर्षं वाऱ्याच्या बोगद्यात काम झालेलं असतं. पण शेवटी अवजारं गेली नाहीत, पाय गेले. आणि पाय ज्याचे त्याचे.

अवांतर: आपल्या बालेवाडीतही व्हेलोड्रोम आहे, १९९४ च्या राष्ट्रीय खेळांच्या वेळच्या संकुलातलं. सिमेंटचं. ताई, पुण्यात असाल तर एकदा वळणावर नुसत्या उभ्या राहून या. टीव्हीवर तो चढ कळत नाही.

नवीनच आलेय

जाणार. पण आपल्यातलं कोणी खेळतं का हे?

सांगलीकर काका

खेळतात तर. २०१९ ला जर्मनीत फ्रँकफर्ट-ओडरला ज्युनियर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सुवर्ण भारताच्या पोरांनी घेतलं. अंदमानचा एसो अल्बेन, मणिपूरचे रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग. त्याच्या आदल्या वर्षी एसोनं कायरिनमध्ये रौप्य घेतलं होतं. आपल्या वर्तमानपत्रात दोन बोटं बातमी आली होती, आयपीएलच्या लिलावाच्या अंदाजाखाली.

मँचेस्टरच्या मावशी

२०२२ चं राष्ट्रकुल बर्मिंगहॅमला होतं, पण ट्रॅक सायकलिंग लंडनच्या ली व्हॅलीत ठेवलेलं. मी तिकीट काढून गेले होते. तेच ते २०१२ चं व्हेलोड्रोम, छप्पर भाजताना वाकलेल्या पापडासारखं, म्हणून इथले लोक त्याला प्रिंगल (त्या नावाचा वाकडा बटाट्याचा वेफर) म्हणतात. आत भयंकर उकडतं. गरम हवा विरळ असते म्हणून मुद्दाम उकडत ठेवतात, दारं उघडी टाकली की माणसं ओरडतात.

मुलींच्या टीम स्प्रिंटला भारताचा संघ आला. त्यात आपल्या मयूरी लुटे आणि आगाशेंची शुशिकला, दोघीही महाराष्ट्राच्या. माझ्या शेजारी पिवळ्या-हिरव्या टोप्या घातलेलं ऑस्ट्रेलियन कुटुंब बसलं होतं. मी "चल गं पोरी!" म्हणून ओरडले तर त्यांच्या आजोबांनी विचारलं, कोण आहेत या? म्हटलं, माझ्या गावाकडच्या. पुढच्या फेरीला आजोबा माझ्यासोबत ओरडत होते, "चल्गपोरी! चल्गपोरी!" त्यांना वाटलं एकीचं नाव आहे.

त्याच स्पर्धेत इंग्लंडचा मॅट वॉल्स कठड्यावरून थेट प्रेक्षकांत जाऊन पडला. त्या वेळी सगळं व्हेलोड्रोम एकदम गप्प झालं. आजोबांनी टोपी काढून हातात धरली होती. तो ठीक आहे असं कळेपर्यंत कोणी रंगांचं बोललं नाही.

डच देशस्थ

"चल्गपोरी" आता आमच्याकडेही सुरू करतो.

नवीनच आलेय

मावशी, पॅरिसची ओवी दाखवा ना. कुठे सापडत नाहीये.

मँचेस्टरच्या मावशी

गण्यानं मुद्दाम शोधायला लावलं असणार. घ्या. हरल्याची ओवी आहे, आवाज खाली ठेवून वाचा.

पहिली माझी ओवी गं, पॅरिसच्या लाकडाला,
चौघं धावली एका चाकानं, वारा लागेना मागल्याला.
दुसरी माझी ओवी गं, सोळा फेऱ्यांचं दळण,
सीटवरून गडी घसरला, हुकलं शेवटचं वळण.
तिसरी माझी ओवी गं, वीस वर्षांच्या उपासाला,
गण्या, आता पारणं फेड, पुरण शिजव नैवेद्याला.

सदाशिवपेठी स्पोक

दुसरी ओवी कोणाला कळली नसेल तर: फायनलला शेवटी शेवटी ब्रिटनचा ईथन हेटर दमून सीटवरून पुढे घसरला आणि तिथेच संपलं. ऑस्ट्रेलिया ३:४२.०६७, ब्रिटन ३:४४.३९४. ओब्रायन, वेल्सफर्ड, लेही आणि ब्लेडिन. त्यातल्या सॅम वेल्सफर्डचं रिओला रौप्य, टोकियोला कांस्य, पॅरिसला सुवर्ण. २००४ नंतर थेट २०२४.

सांगलीकर काका

"वीस वर्षांच्या उपासाला" झकास. मावशी, पुढच्या वेळीही हरा.

मँचेस्टरच्या मावशी

काका!! बरं, गण्या, निकाल काय?

गेप्सक्रॉसचा गण्या

सगळे प्रतिसाद वाचले. रात्री वही काढून बसलो. थोरलीनं विचारलं, बाबा काय करताय, म्हटलं हिशेब. पॅरिसची त्याची तीन पदकं खोडावीत असं एकदा मनात आलं, पेनही उचललं. खोडली नाहीत. ती पिवळ्या-हिरव्या कपड्यांत आलेली आहेत आणि मी वाटलेले पेढे लोकांनी खाल्लेले आहेत.

८.८५७ उजवीकडे लिहिलं. पुढे लाल पेननं शेरा मारलाय: 'खुराक आमचा.'

मँचेस्टरच्या मावशी

शेरा मंजूर. पण मी तुला ओळखते, तू आता मागची पानं उलटून विगिन्सच्या नावापुढे 'बाप आमचा' लिहिणार. ते चालणार नाही. तो बाप पोराला लहान असतानाच सोडून गेला. त्याला लंडनमध्ये आईनं आणि आजी-आजोबांनी वाढवलं.

गेप्सक्रॉसचा गण्या

लिहिलं होतं. खोडतो.

डच देशस्थ

त्याच वर्षी ऑक्टोबरात चिलीला, सँटियागोला जागतिक स्पर्धा झाली. लाव्रेसेन होताच. तिसऱ्या रकान्याचा अर्ज पुन्हा करतो.

चक्रम

काका, भडंग संपलं.